ट्यूब ॲम्पमधून दणदणीत बास मिळतो का, की त्यासाठी ट्रान्झिस्टरच हवा?

ठाणे_पश्चिम

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे ईएल-८४ ट्यूबचा पुश-पुल स्टिरिओ ॲम्प आहे. एका कारागिराकडून बनवून घेतलेला, चॅनेलला १२ वॅट असं त्यांनी सांगितलं होतं. स्पीकर पाच इंची वूफरचे, मागे पोर्ट (हवेचं भोक) असलेले, ८ ओहम, ८६ डेसिबल. खोली १० बाय १२ फूट, चारही बाजूंनी पक्क्या भिंती, वर साडेनऊ फुटांवर स्लॅब. ऐकायची खुर्ची बरोबर खोलीच्या मधोमध.

गळ्याचं गाणं, सारंगी, व्हायोलिन यावर लागलं की दुसरं काही ऐकावंसं वाटत नाही. पण मी भजन खूप ऐकतो आणि तिथे अडतं. टाळ लखलखीत येतात, पखवाजाची पुडी खणखणीत येते, आणि धुम्यावरची, म्हणजे डाव्या जाड आवाजाच्या बाजूची, खुली थाप मात्र नुसती फुगते. पडते कुठे आणि संपते कुठे तेच कळत नाही. आवाज वाढवला की आणखी घोळ.

मागच्या आठवड्यात मित्राने त्याचा ६० वॅटचा ट्रान्झिस्टर ॲम्प आणून माझ्याच स्पीकरना लावला. थाप अशी बसली की मी उठून उभा राहिलो. पण गळा मला माझ्या ॲम्पवरच जास्त आवडतो, हेही खरं.

बजेट चाळीस हजारांपर्यंत. एक दुकानदार सांगतो, डॅम्पिंग फॅक्टर ४०० असलेला ट्रान्झिस्टर ॲम्प घ्या. दुसरा म्हणतो ट्यूबच ठेवायची असेल तर केटी-८८ या मोठ्या ट्यूबवर जा, बास आपोआप येईल. कोणाचं ऐकू?

शनिवारपेठ

ट्यूब विकून टाका आणि मोकळे व्हा. टीपीए-३२५५ चिपचा क्लास-डी (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) ॲम्प बोर्ड, ४८ व्होल्टचा सप्लाय, एक धड डबा. पुण्याच्या तापकीर गल्लीत एक चक्कर मारलीत तर जोडणीचं सामान दुपारपर्यंत हातात. तुमच्या बजेटच्या एका कोपऱ्यात बसेल आणि पाच इंची वूफरला झेपणार नाही इतकी ताकद देईल. बाससाठी व्हॉल्व्ह (म्हणजे ट्यूब) वापरायचे दिवस गेले.

मिरज_वाइंडिंग

ठाणेकर, थोडं थांबा. काही विकू नका, काही घेऊ नका.

मिरजेत माझं वाइंडिंगचं दुकान आहे. पोटाचं काम स्टॅबिलायझर आणि शेतीपंपांच्या पॅनेलचं, पण ऑडिओचे आउटपुट ट्रान्सफॉर्मर गुंडाळणं हे माझं जीव लावून करायचं काम. सतारमेकरांच्या गल्लीत वाढलो, त्यामुळे खर्ज नीट लागला नाही की झोप येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"ट्यूबला बास नाही" हे चूक आहे. ट्यूब इलेक्ट्रॉनांची, तिला २० हर्ट्झ काय आणि २००० काय, दोन्ही सारखेच. अडतं ते ट्यूब आणि स्पीकरच्या मध्ये बसलेल्या लोखंडात. ट्यूबमधून मोठा व्होल्टेज आणि थोडा करंट निघतो, स्पीकरला थोडा व्होल्टेज आणि भरपूर करंट लागतो. ही अदलाबदल आउटपुट ट्रान्सफॉर्मर करतो. ट्रान्झिस्टरला त्याची गरजच नाही, तो थेट स्पीकर ओढतो. बासच्या बाबतीत दोघांतला सगळ्यात मोठा फरक हा.

आता लोखंडाचा स्वभाव बघा. पत्र्यात किती चुंबकत्व भरतं ते व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी या हिशोबावर ठरतं. फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की तेवढ्याच व्होल्टेजला लोखंड दुप्पट भरतं. एका मर्यादेपुढे ते आणखी घेत नाही, आम्ही म्हणतो कोअर (म्हणजे ते लोखंड) सॅच्युरेट झाला. म्हणजे जो ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झला कसाबसा १० वॅट देतो, तोच ३० हर्ट्झला अडीच वॅटवर हात टेकतो. व्होल्टेज निम्मा, म्हणून वॅट पाव.

तुमच्या ॲम्पचंच गणित मांडतो. ईएल-८४ च्या जोडीला प्लेट-टू-प्लेट (दोन्ही ट्यूब मिळून) ८००० ओहम धरले तर १२ वॅटला प्रायमरीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या ट्यूबकडच्या गुंडाळीवर, सुमारे ३१० व्होल्ट येतात. बाजारात स्वस्तात मिळणारे ट्रान्सफॉर्मर बहुतेकदा कोअरचा मधला पाय पाऊण इंच, थरही पाऊण इंच, फेरे दोन-अडीच हजार असे असतात. अशा कोअरमध्ये ५० हर्ट्झलाच १.६ टेस्ला (चुंबकत्वाचं माप) होतात. साध्या पत्र्याचा तिथे जीव गेलेला असतो, उत्तम सीआरजीओ जातीचा पत्रासुद्धा टोकाला येतो. तेच मधला पाय सव्वा इंच, थर सव्वा इंच, फेरे तीन हजार करा, ३० हर्ट्झलाही पाऊण टेस्लाच्या आसपास राहतं. आरामात. वजन मात्र साडेचारपटीच्या आसपास जातं आणि तांब्याचे पैसे लागतात. त्यामुळे कोणताही ट्यूब ॲम्प घेताना आधी दोन्ही हातांनी उचलून बघा, ट्यूबचा नंबर नंतर वाचा. केटी-८८ लावून लोखंड तेवढंच ठेवलं तर बास वाढत नाही, लोखंड आणखी लवकर दमतं.

यात नवीन काही नाही. १९४७ साली डी. टी. एन. विल्यमसन यांनी 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये १५ वॅटचा जो ॲम्प छापला, त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला निदान १०० हेन्री इंडक्टन्स मागितला होता. केवळ १५ वॅटसाठी एवढं लोखंड आणि तांबं! ट्यूबही केटी-६६ होती, दुर्मिळ काही नाही. त्या ॲम्पचा दबदबा झाला तो या ट्रान्सफॉर्मरमुळे आणि त्याच्याभोवती घेतलेल्या २० डेसिबल निगेटिव्ह फीडबॅकमुळे (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत आत देणं).

आता दुसरी गोष्ट, तुमची थाप फुगते ती. एक प्रयोग करा, पैसे लागत नाहीत. स्पीकरच्या तारा काढा. वूफरच्या पडद्यावर मधल्या टोपीच्या बाजूला बोटाने हलकेच टिचकी मारा. "ढब्ब" असा लांबलेला आवाज येईल. आता स्पीकरच्या मागच्या दोन टर्मिनलवर तारेचा एक तुकडा लावून ती शॉर्ट करा आणि परत टिचकी मारा. "टक". संपला आवाज. पडदा हलला की व्हॉइस कॉइल मॅग्नेटमध्ये स्वतःच वीज तयार करते, त्या विजेला वाट मिळाली की पडद्याला ब्रेक लागतो. स्पीकरच्या दृष्टीने ॲम्प म्हणजे ती शॉर्ट करणारी तार. ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स (त्याचा स्वतःचा आतला अडथळा) जितका कमी तितकी तार जाड. ८ ला त्या इम्पिडन्सने भागलं की जो आकडा येतो, तो डॅम्पिंग फॅक्टर.

पण त्या ४०० च्या आकड्याला भुलू नका. ब्रेकच्या वाटेत व्हॉइस कॉइलचे स्वतःचे ६ ओहम असतातच. डॅम्पिंग फॅक्टर ४०० म्हणजे ०.०२ ओहम, ५० म्हणजे ०.१६ ओहम. एकूण ६.०२ विरुद्ध ६.१६. कोणत्याही कानाला हा फरक कळणार नाही, पाच मीटर स्पीकरवायरच त्यातला बराचसा खाऊन टाकते. घरच्या वायरिंगला वापरतात ती अडीच स्क्वेअर एमएमची तार घेतली तरी जाऊन-येऊन ०.०७ ओहम होतात. याउलट फीडबॅक कमी असलेल्या ट्यूब ॲम्पचा इम्पिडन्स अडीच-तीन ओहम असू शकतो. तिथे एकूण ८.७ होतात आणि ब्रेक तीस टक्क्यांनी ढिला पडतो. हा कळतो.

ढिल्या ब्रेकपेक्षाही मोठी भानगड पुढे आहे. स्पीकरवर "८ ओहम" छापलेलं असतं पण तो कुठेच ८ वर स्थिर नसतो. रेझोनन्सला, म्हणजे पडदा आपणहून घुमतो त्या सुराला, ३० ओहमपर्यंत चढतो, दीड-दोनशे हर्ट्झच्या आसपास ५ वर उतरतो. ट्रान्झिस्टर ॲम्प दोन्हीकडे सारखाच व्होल्टेज देतो. २.७ ओहमवाला ट्यूब ॲम्प चढावर जास्त आणि उतारावर कमी देतो, फरक पडतो ३ डेसिबलचा. तुमच्यासारख्या पोर्टवाल्या खोक्याला असे दोन चढ असतात, आणि पाच इंची वूफरमध्ये वरचा चढ ८०-९० हर्ट्झच्या जवळ येतो. धुम्याचा मूळ सूर त्याच परिसरात. धुम्यावरची कणीक नीट बसलेली असली तरी तुमच्या खोलीत ती ओली वाटणार, कारण नेमका तोच पट्टा ॲम्प उचलून धरतोय.

तेव्हा आधी मोजा. ८.२ ओहम १० वॅटचे दोन वायरवाउंड रेझिस्टर आणा. स्पीकर काढून ८ ओहमच्या टर्मिनलला एक रेझिस्टर लावा, फोनवरून ५० हर्ट्झचा टोन द्या आणि मल्टीमीटरवर एसी २ व्होल्ट येतील इतकाच आवाज ठेवा. मग दुसरा रेझिस्टर पहिल्याला समांतर जोडा आणि व्होल्ट किती उतरले ते लिहा. एवढ्यावरून मी इम्पिडन्स काढून देतो. ॲम्पला लोड नसताना सिग्नल अजिबात देऊ नका. ट्यूब ॲम्पमध्ये तसं केलं की प्रायमरीवर भलता व्होल्टेज चढतो आणि इन्सुलेशन फुटतं, असे ट्रान्सफॉर्मर माझ्याकडे कायम येतात. आणि ॲम्पचं झाकण उघडायचं नाही. आत ३०० व्होल्टच्या वर असतात, प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये साठून राहतात.

शनिवारपेठ, तुमचा बोर्ड वाईट नाही. शुद्ध बास आणि पैसे एवढंच बघायचं तर ट्रान्झिस्टर जिंकतो, यात वाद नाही. पण ज्या माणसाला गळा ट्यूबवर आवडतो त्याला ट्यूब विका म्हणणं मला पटत नाही.

माटुंगा_पूर्व

मिरजकर काकांनी ॲम्पचं इतकं सांगितलंय की मी फक्त खोलीबद्दल बोलते. मी घरीच रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करते, आणि मुंबईतल्या चौकोनी खोल्यांशी माझं रोजचं भांडण आहे.

ठाणेकर, तुम्ही खोलीतल्या सगळ्यात वाईट जागी बसता. १२ फुटांच्या दोन समांतर भिंतींमध्ये ४७ हर्ट्झची लाट अडकते, १० फुटांमध्ये ५६ ची, साडेनऊ फुटांच्या स्लॅबखाली ५९ ची. या लाटा भिंतीशी जोरात असतात आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. तुम्ही लांबीच्या मध्यावर, रुंदीच्या मध्यावर, आणि बसल्यावर कान उंचीच्याही मध्याच्या जवळपास. म्हणजे ४७ ते ६० हा सगळा पट्टा तुमच्या खुर्चीत गायब. विटा आणि काँक्रीट बास सोडत नाहीत, परत फेकतात, त्यामुळे आपल्याकडे हा त्रास लाकडी घरांपेक्षा तीव्र.

खात्री करायची असेल तर ४७ हर्ट्झचा टोन हळू आवाजात लावा आणि स्पीकरपासून मागच्या भिंतीपर्यंत चालत जा. मध्यावर आवाज विरतो आणि भिंतीशी परत भरतो. पहिल्यांदा करणाऱ्याला खरंच वाटत नाही.

खुर्ची मागच्या भिंतीपासून तीन-साडेतीन फुटांवर न्या. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. आणि पोर्टमध्ये एक पायमोजा गुंडाळून खोचून बघा. खोकं जवळजवळ बंद होतं, बास थोडा उतरतो पण घट्ट होतो. पखवाज आणि डग्ग्यासाठी मला बंद खोकंच आवडतं, मींड स्वच्छ ऐकू येते. पडदा किंवा भिंतीवरच्या फोमने ५० हर्ट्झला काही होत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

ठाणे_पश्चिम

काका, ताई, दोघांचेही मनापासून आभार. इतकं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

टिचकीचा प्रयोग केला. ढब्ब आणि टक. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला.

एका रेझिस्टरवर २.०० व्होल्ट, दुसरा जोडल्यावर १.६० व्होल्ट.

मित्राने कॉलेजच्या लॅबमधला छोटा स्कोप (लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) दोन दिवसांसाठी आणून दिला, म्हणून आणखीही बघितलं. एकच रेझिस्टर ठेवून आवाज वाढवत गेलो. २०० हर्ट्झला लाट ९.५ व्होल्टपर्यंत छान गोल राहते, मग माथे सपाट होतात. ५० हर्ट्झला मात्र ७.४ व्होल्टलाच बिघडते, आणि ३५ हर्ट्झला ५.२ वर. या दोन्ही वेळी माथे सपाट होत नाहीत. लाट वर चढते नीट, पण उतरताना मध्येच कोसळल्यासारखी खाली येते. त्याच वेळी ॲम्पच्या मागच्या डब्यातून "खर्र" असा आवाज येतो, स्पीकर जोडलेला नसताना!

खुर्ची मागे सरकवली. ताई, तुम्ही म्हणालात ते शब्दशः खरं निघालं, ४७ चा टोन मधोमध नाहीसा होतो. आता खालचा बास आहे हे तरी कळतंय. मोजाही खोचला. थाप पूर्वीपेक्षा आवरली आहे, पण मित्राच्या ॲम्पसारखी बसत नाही अजून.

एडिसन_न्यूजर्सी

इकडे माझ्याकडे डायनॅको स्टिरिओ-७० आहे, १९५९ साली बाजारात आलेलं मॉडेल, ईएल-३४ ची जोडी, चॅनेलला ३५ वॅट. मिरजकरांचा मुद्दा या ॲम्पवर हात ठेवला की पटतो: त्याची चेसिस हलकी पत्र्याची, पण तीन ट्रान्सफॉर्मर बसवल्यावर उचलताना कंबर जपावी लागते. अल्ट्रालिनियर जोडणी (ट्रान्सफॉर्मरमधूनच ट्यूबला थोडा फीडबॅक), वरून नेहमीचा फीडबॅक. बाराइंची वूफरच्या जुन्या स्पीकरवर ऑर्गन ऐकवतो तेव्हा पाहुणे सबवूफर (फक्त बासचा वेगळा स्पीकर) शोधतात.

एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९८५ मध्ये बॉब कार्व्हर यांनी इथल्या 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांना आव्हान दिलं होतं की तुम्ही निवडाल त्या महागड्या ॲम्पसारखाच आवाज मी माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्पमधून काढून दाखवतो. संपादकांनी ट्यूब ॲम्प निवडला. कार्व्हर यांनी दोन्ही ॲम्पच्या आउटपुटची वजाबाकी करत करत आपला ॲम्प जुळवत नेला आणि शेवटी ऐकणाऱ्यांना फरक सांगता आला नाही. आउटपुट इम्पिडन्स वाढवणं हा त्या जुळवणीचा महत्त्वाचा भाग होता.

ठाणेकरांना हे घरी करता येईल. मित्राचा ट्रान्झिस्टर ॲम्प परत आणा आणि स्पीकरच्या एका तारेत मालिकेत २.७ ओहमचा २० वॅटचा रेझिस्टर घाला. आवाजाची पातळी मल्टीमीटरने जुळवून घ्या, नाहीतर मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. थाप फुगली, तर निदान एवढं नक्की होईल की त्या फुगण्याला ट्यूब जबाबदार नव्हती.

मिरज_वाइंडिंग

एडिसनकर, फार नेमकी गोष्ट आणलीत. ठाणेकर, हा रेझिस्टरचा प्रयोग नक्की करा.

आता तुमचे आकडे. २.०० वरून १.६० म्हणजे आउटपुट इम्पिडन्स २.७ ओहम, डॅम्पिंग फॅक्टर ३. म्हणजे फीडबॅक अगदीच बेताचा घेतलाय. कारागिराने तसं का केलं असेल तेही तुमच्या स्कोपने सांगितलं. ३५ हर्ट्झला ५.२ आणि ५० ला ७.४. भागाकार करून बघा, ५.२ ला ५०/३५ ने गुणलं की ७.४ येतात. मर्यादा फ्रिक्वेन्सीच्या बरोबर प्रमाणात चढते-उतरते. ट्यूब कमी पडत असत्या तर तिन्ही टोनला ९.५ व्होल्टवरच माथे सपाट झाले असते. हे शंभर टक्के लोखंड आहे. लाट उतरताना कोसळते तेही त्याचंच लक्षण, कारण कोअर सगळ्यात जास्त भरतो तो व्होल्टेज शून्याकडे येताना. खर्र आवाज पत्र्यांचा. एवढ्या लहान ट्रान्सफॉर्मरभोवती जास्त फीडबॅक घेतला तर ॲम्प खालच्या फ्रिक्वेन्सीला स्वतःच डोलायला लागतो, म्हणून हात आखडता घेतला असणार. आणि फीडबॅक सॅच्युरेशन थांबवत नाही. कोअर भरला की तो ट्यूबना आणखी करंट ढकलायला लावतो आणि कोसळणं जास्त कर्कश होतं.

म्हणजे तुमचा ॲम्प २०० हर्ट्झला ११ वॅटचा, ५० ला पावणेसात वॅटचा आणि ३५ ला सव्वातीन वॅटचा आहे. आणि वाईट गोष्ट अशी की ३५ हर्ट्झच्या ठोक्यावर कोअर भरला की त्याच क्षणी चालू असलेला गळाही बिघडतो. आवाज वाढवल्यावर "घोळ" होतो म्हणालात ना, तो हाच.

एक फुकटचा उपाय आजच करा. मागे ४ ओहमचं टर्मिनल असेल तर ८ ओहमचे स्पीकर त्यावर लावा. तिथे इम्पिडन्स निम्मा होतो, १.३५ च्या आसपास, डॅम्पिंग फॅक्टर ६. जास्तीत जास्त आवाज जरा कमी होईल, पण १० बाय १२ मध्ये तुम्हाला तो पुरून उरेल. रात्रीच्या गाण्याला मी स्वतः असंच ऐकतो.

पुढचं पैशांचं. मी नवे ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देऊ शकतो, पण तुमच्या बाबतीत तो खर्च मी सुचवणार नाही. कारण पाच इंची वूफर. एक सप्तक खाली तेवढाच आवाज काढायला पडद्याला चौपट हलावं लागतं. ८० ला जो पडदा एक मिलिमीटर जातो त्याला ४० ला चार मिलिमीटर जायला हवं. छोट्या वूफरकडे तेवढी जागाच नसते, मागे कोणताही ॲम्प लावा. तुमच्या मित्राच्या ॲम्पवरही ४० च्या खाली काही आलं नसणार. आला तो ८०-१०० चा घट्टपणा.

म्हणून काम वाटून द्या. ७० हर्ट्झच्या वरचं सगळं ट्यूबला, खालचं दहा इंची बंद खोक्याच्या ॲक्टिव्ह सबवूफरला. त्याच्या पोटात ट्रान्झिस्टर ॲम्प असतो, तो तुमच्या बजेटात बसेल. शनिवारपेठकर, तुमचं म्हणणं असं अर्धं मान्य.

पण नुसता सब जोडून भागत नाही, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. ट्यूब ॲम्पला खालचा सिग्नल मिळणं बंद झालं पाहिजे, तरच कोअरला श्वास मिळतो. त्यासाठी ॲम्पच्या इनपुटला मालिकेत एक कॅपॅसिटर. ॲम्प बंद करून, प्लग काढून, इनपुट सॉकेटच्या मधल्या पिनपासून बाहेरच्या रिंगपर्यंत ओहम मोजा. १०० किलोओहम आले तर ०.०२२ मायक्रोफॅरडचा पॉलिप्रॉपिलीन कॅपॅसिटर घाला, ७२ हर्ट्झला कट मिळतो. ५० किलोओहम आले तर ०.०४७, म्हणजे ६८ हर्ट्झ. एका छोट्या डबीत दोन सॉकेट, दोन प्लग आणि दोन कॅपॅसिटर, ॲम्प उघडायची गरज नाही.

सबला सिग्नल मात्र या डबीच्या आधी फोडून द्या. ट्यूब ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवरून सबला दिलात तर त्याला कापलेलाच सिग्नल जाईल. आणि असं केल्यावर आवाज कमी-जास्त करायचा तो डॅकवरून (डिजिटल गाणं ॲम्पच्या सिग्नलमध्ये बदलणारी डबी), ॲम्पचा नॉब एका जागी ठेवून. नाहीतर दोघांचं प्रमाण दरवेळी बिघडेल.

तुमच्या ॲम्पला गळा, सारंगी, पुडी, टाळ एवढंच उरलं की तो १२ वॅटचा नाही, दुप्पट मोठा वाटेल. कोअर मोकळा झाला की ट्यूब काय चीज आहे ते कळतं.

ठाणे_पश्चिम

काका, ४ ओहमचं टर्मिनल आहे, लगेच बदललं. थाप आणखी एक पायरी आवरली, खरंच. काल मित्राच्या ॲम्पमध्ये २.७ ओहम घालूनही ऐकलं, मोजा काढून. तीच फुगलेली थाप, हुबेहूब. एडिसनकर, धन्यवाद, आता मनात शंका उरली नाही.

इनपुटला १०० किलोओहम आले. डबी करायला घेतोय. सब कुठे ठेवू, आणि त्यावर फेज म्हणून ० आणि १८० असं बटण असतं ते कसं ठरवायचं?

माटुंगा_पूर्व

जागेचं मी सांगते. सब तात्पुरता तुमच्या खुर्चीवर ठेवा, त्यावर बासची हळूहळू उतरणारी काही ओळ लावा, आणि तुम्ही गुडघ्यावर बसून समोरच्या भिंतीलगत कान खाली ठेवून फिरा. जिथे सगळे सूर सारख्या जोराने येतात ती सबची जागा. जिथे एखादाच सूर उसळतो ती टाळा. बहुधा कोपऱ्यापासून दोन-अडीच फूट सुटून मिळेल.

मिरज_वाइंडिंग

ताईंची पद्धत उत्तम.

फेजचं असं करा. ७० हर्ट्झचा टोन लावा, स्पीकर आणि सब दोन्ही चालू, तुम्ही खुर्चीत, आणि घरातल्या कोणालातरी बटण इकडे-तिकडे करायला सांगा. ज्या बाजूला टोन जोरात येतो ती बाजू बरोबर, कारण तिथे दोघं एकमेकांना साथ देतायत. दोन्हीकडे सारखंच वाटलं तर सब अर्धा फूट पुढे किंवा मागे घेऊन परत बघा. सबचा आवाज ठरवताना सिनेमा लावू नका, ओळखीच्या पखवाजाचं रेकॉर्डिंग लावा. सब बंद केल्यावर धुमा पातळ झाला पाहिजे, चालू असताना सब कुठे आहे ते कळता कामा नये. डबी झाली की ३५ हर्ट्झला स्कोपवर लाट परत बघून आकडे इथे टाका.